उतरवलेली खाट

कुठंही फिनेलचा उग्र वास आला की मला भोरचं ते सूतिकागृह आठवतं, जिथं सत्तर सालाच्या आसपास मी नर्स होते. बऱ्या घरच्या बायका बाळंतपणाला पुण्याला जाऊ लागल्या, उरलेल्यांकडून दवाखान्याचा खर्चही निघेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नाइलाजानं ती जागा खताच्या एका व्यापाऱ्याला विकली. ताबा द्यायच्या सकाळी खाटा ट्रकमध्ये चढत असतानाच वेल्ह्याकडच्या वाडीतली एक सून सासूच्या खांद्यावर भार टाकत दारात आली. रस्त्यापर्यंत डोलीतून आणि पुढं एसटीनं आली होती. कळांनी तोंड पांढरं पडलं होतं. बाईंनी व्यापाऱ्याकडे पाहिलं. तो स्वतः ट्रकवर चढला आणि त्यानं एक खाट खाली उतरवली. दुपारी त्या रिकाम्या खोलीत मुलगी झाली. तिची आई उठून चालू लागेपर्यंत त्यानं ताबा मागितला नाही. निघताना सासू बाईंना म्हणाली, "धाकल्या सुनंलाबी सातवा लागलाय, तिलाबी हितंच आणते." बाई हळूच म्हणाल्या, "हे आता बंद झालं, आजी. तिला पुण्याला न्या." "पुण्याला? तवर कळा थांबत्यात व्हय, बाई?" बाई आत निघून गेल्या. मी पुढं पुण्याच्या मोठ्या इस्पितळात लागले. वेल्ह्याकडची अडलेली बाई आली की मी सोबतच्यांना आधी विचारायची, घरातून कधी निघालात? पुष्कळदा उत्तर यायचं, "काल."