गरुडाचा नवस

त्या वर्षी चिमूरच्या बालाजीशी माझं बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. यांना लकवा मारला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. धानाच्या मुलखात राहून मी भात सोडला, भाकरी थापून थापून मनगटं दुखली, तरी देव आपला ढिम्म. हे बोलू लागले तर यांच्या हातचा गरुड तुझ्या पायाशी आणून ठेवीन, असा नवसही मी बोलले. त्याचाही काही उपयोग दिसेना.

गरुडच का, ते सांगते. पूर ओसरला की हे वैनगंगेच्या काठाने हिंडून वाहून आलेली लाकडं गोळा करायचे. आरमोरीतलं आमचं घर त्या लाकडांत दिसलेल्या पाखरांनी भरलेलं. मोर, बगळे, दोन तोंडांचा गंडभेरुंड. झाडू मारायला जागा नाही. वर यांचा नियम असा की कुजलेलं तेवढं खरवडायचं, पदरचं काही जोडायचं नाही, आणि सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिल्याशिवाय लाकडाला नाव द्यायचं नाही. इतक्या वर्षांत बालाजीचं वाहन, गरुड, तेवढा सापडला नव्हता. आता तर हे ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. डॉक्टर म्हणत, यांना बोलतं करा. कसं करू? मुलीला एसटीडीवरून फोन केला की मीच रडायचे.

एका सकाळी मोळी विकणारी एक अनोळखी बाई आली. मोळीतलं एक वाकडं लाकूड तिने ओढून काढलं आणि यांच्या मांडीवर ठेवलं. "हे नदीतलं हाय बाई, चुलीत नुसता धूर करते. राहू द्या भाऊजवळ, खेळाले."

मला रागच आला. माझा नवरा काय लहान पोर आहे? पण लाकडाकडे लक्ष गेलं आणि मी ओरडलेच. पसरलेले पंख, बाकदार चोच! "अहो, गरुड हाय! बालाजीनं धाडला!"

यांनी डाव्या हाताने लाकूड फिरवलं, उलटं केलं, पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे वैतागून पाहिलं. ओठ थरथरले. "को... कोंबडी."

"कोंबडी काऊन? चोच पाहा ना!"

"नाई! कों-ब-डी!"

मी आणखी दोनदा गरुड म्हटलं, यांनी दोनदा कोंबडी म्हटलं. मग एकदम उमगलं की आम्ही दोघं भांडतो आहोत, इतक्या महिन्यांनी. मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडले. ती बाई कधी निघून गेली ते कळलं नाही, पुन्हा कधी दिसलीही नाही.

चिमूरच्या घोडायात्रेला हे सोबत आले, आणि पिशवीत ते लाकूड. मी देवाकडे मागताना त्याच्या देण्याचं रूपसुद्धा ठरवून ठेवलं होतं. पदरचं काही जोडायचं नाही, हे लाकडाबद्दल मी रोज ऐकत होते, देवाबद्दल मात्र कधी सुचलं नाही.

पुजाऱ्याने पिशवीत डोकावून विचारलं, "गरुड का?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "नाई. कोंबडी."

मी हात जोडले. देवा, गोड मानून घे. आणि त्या दुपारी पोटभर भात जेवले.