डोंगरावर चढलेला गोऱ्हा

"मंगळवार, ११ मार्च २०२५. हरभऱ्याचं खळं उरकलं. बन्सीधरभावजींचा गोऱ्हा बंदीच्या डोंगरावर सापडला. भिवराबाईने तो आपल्या दारात बांधला आहे."

एवढं लिहून कमलबाईंनी वही मिटली. समोर भिवराबाईच्या अंगणात आवाज चढले होते.

भिवराबाई मेंढरांवर जगणारी. विहिरी आटतात म्हणून बोरीजवळच्या या गावाने तीन वर्षांपूर्वी डोंगरावरची चराई बंद केली, तेव्हा तोंडचा घास गेला तो तिचाच. "डोंगर झाका तुमी, माझी मेंढरं काय धोंडे खातील?" तिने भर सभेत विचारलं होतं. मग ठरलं, पीक निघालं की मेंढरं गावाच्या वावरांत बसतील. वावराला खत, मेंढरांना चारा. डोंगराची राखणही तिच्याकडेच आली. ज्याचं जनावर वर सापडेल त्याने दिवसभर दगडी बांध रचायचा. हळूहळू गवत वाढलं, माती थांबली, पाणी मुरलं. गेल्या उन्हाळ्यात कमलबाईंची विहीर आटली नाही.

आता दारात बन्सीधर उभे होते, गावातली बडी असामी.

"भिवरे, सोड गोऱ्हा. उद्यापासून मेंढरं माझ्याच वावरात बसवायचीत ना तुला?"

कमलबाई वही ठेवून अंगणात आल्या. ते वावर गेलं तर ऐन उन्हाळ्यात ही मेंढरं नेणार कुठे? आणि गोऱ्हा सुटला तर उद्या सगळं गाव गुरं वर घालणार.

भिवराबाईने दावं सोडलं नाही. "मालक, बंदीसाठी सभेत लय जोरात तुमीच बोलले. गोऱ्हा तवा सभेला नव्हता. तुमी तर व्हते!"

बघे खो खो हसले. बन्सीधर कमलबाईंकडे वळले. "वहिनी, तुमी तरी सांगा हिला."

"मी काय सांगू, भावजी? दगड वाहायला टोपलं लागलं तर माझं न्या."

ते तणतणत निघून गेले. भिवराबाईने गोऱ्ह्यापुढे चारा टाकला. "वावर गेलं बघा, बाई."

पण सकाळी बन्सीधर डोंगरावर हजर होते. त्यांनी रचलेला पहिला बांध भिवराबाईने पायानेच ढकलून पाडला. "मालक, ह्यो बांध हाय का उकिरडा?"

"सासूच हाय ही माझी," म्हणत त्यांनी पुन्हा दगड उचलले. दिवस कलल्यावर गोऱ्ह्याचं दावं हातात घेताना ते म्हणाले, "माझ्या विहिरीची मोटरबी औंदा अजून चालायलीय. न्हाई कसं म्हणू? घाल मेंढरं. वरच्या अंगाला आधी बसव."

त्या संध्याकाळी कमलबाईंनी लिहिलं: "मेंढरं भावजींच्या वावरात बसली. साखरेला मुंग्या लागल्या. डबा पाण्याच्या परातीत ठेवला."