आत्याबाईंचा संशय

आत्याबाईंनी कुणाचं पहिलं उत्तर कधी खरं मानलं नाही. शेजारीण म्हणाली, "म्हैस आटलीय, दूध नाही," तर त्या गप्प ऐकून घ्यायच्या आणि थोड्या वेळाने तिच्या गोठ्यात डोकावून यायच्या. माझ्या नवऱ्याच्या या आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी, माले गावी परतल्या होत्या. गाव त्यांना पाठीमागे 'फौजदार' म्हणायचं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांचा पहिला संशय माझ्यावरच होता. डब्यातली साखर कमी झाली, मांजर घरात शिरलं, सगळ्याला मी. मुलगी झाली, मुक्ता, तेव्हा मात्र त्या तिला मांडीवरून खाली ठेवत नसत.

मुक्ता पहिलीत गेली आणि हात धुऊ लागली. सारखी. शाळेच्या बाई म्हणाल्या, "किती स्वच्छ मुलगी आहे." सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मला वाटलं, पाण्यात खेळायचा नाद असेल. आत्याबाईंना यातलं काहीच पटलं नाही.

"तू मारतीस का तिला?" त्यांनी मला सरळ विचारलं.

मी नाही म्हटलं. त्यांनी ते खरं मानलं नाहीच. आठवडाभर माझ्यावर पाळत ठेवली. मग मागच्या खोलीतल्या भाडेकरूवर ठेवली. तो बिचारा कंपनीतून येऊन झोपायचा. एकदा तर शाळेच्या कुंपणापाशी उभ्या राहून बाईंनाही निरखून आल्या. कुठेच काही सापडलं नाही, तेव्हा त्या मोरीपाशी पाट टाकून बसल्या आणि मुक्ताकडेच बघत राहिल्या.

दुपारी मला बोलावून म्हणाल्या, "आवड असती तर पोर हसली असती. ही रडत धुतीया. हात बघ, कसं फुटल्यात. मधीच कुनी हाक मारली तर परत पयल्यापासनं सुरू करतीया. ह्यो नाद न्हाई. ही भ्यालीया."

मग त्यांनी मुक्ताला जवळ ओढलं. "कुनाला भ्यातीस गं? मी कुनाला सांगनार न्हाई."

मुक्ताने ओले हात फ्रॉकला पुसले. मग त्यांच्या कानाशी लागली. पण मी दारातच होते, मला ऐकू आलं. "नीट नाही धुतले तर आई मरंल."

पौडच्या डॉक्टरांनी आम्हाला पुण्याला, मुलांच्या मनाच्या डॉक्टर बाईंकडे पाठवलं. आत्याबाई सोबत आल्या, कारण "पोरीला गोळ्या घालून गुंगवत्याल" असा त्यांना दाट संशय होता. डॉक्टर बाईंनी आधी मुक्ताशी गप्पा मारल्या, मग आमच्याशी. म्हणाल्या, "याला ओसीडी म्हणतात. आपल्याकडे जुना शब्द आहे, मंत्रचळ. मनात एक भीती येते आणि ती जावी म्हणून मूल तेच ते करत राहतं. लहान मुलांना हे सांगता येत नाही. मोठ्यांना ती शिस्त वाटते, नाहीतर हट्ट."

"आईच्या मारन्यानं झालंय का?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही. मारण्याने नाही, लाडानेही नाही."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पदराला लागलेली बसमधली धूळ झटकली. माफी मागायची त्यांची रीत तीच.

उपचार लांबले. डॉक्टर बाईंनी मुक्ताला त्या भीतीचं नाव ठेवायला सांगितलं. तिने 'चुगल्या' ठेवलं. "आई, तू मरणार नाहीस ना?" असं तिने पुन्हा पुन्हा विचारलं तर आम्ही दर वेळी 'नाही' म्हणायचं नव्हतं, कारण त्या उत्तराने भीती तेवढ्यापुरती निवते आणि परत येते. मला ते फार जड जायचं. मुक्ता रडकुंडीला आली की आत्याबाई तिला घेऊन ओट्यावर बसायच्या. "चुगल्या लबाड हाय. मी लई लबाड मानसं बघितल्यात. बोलू दे त्याला. आपुन शेंगा फोडू." हळूहळू हातांची कातडी भरून आली. वाईट दिवस अधूनमधून यायचे, पण जायचेही.

मुक्ता तिसरीत असताना आत्याबाई गेल्या. सकाळी चहा घेतला आणि भिंतीला टेकल्या त्या टेकल्याच. मुक्ता अंगणात मातीची चूल करत होती. तिला आत बोलावलं तशी ती उंबऱ्यावरच थबकली. माती लागलेले हात तिने पुढे धरले.

"आई, मी हात धुतले नव्हते. म्हणून?"

'नाही गं' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि तिच्याजवळ खाली बसले. घरात बायका रडत होत्या. मुक्ताने एकदा मोरीकडे पाहिलं.

"चुगल्या बोलतोय," ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि त्याच मातीच्या हातांनी तिने आत्याबाईंचा हात धरला.