राखणदाराचा रोट

आईला शेवटचे दोन महिने मी कोंडून ठेवलं होतं.

दुसरा शब्द शोधून पाहिला. सापडला नाही.

आज तिला जाऊन महिना झाला. सकाळपासून तीनदा ओटा पुसला, दोनदा कपाट लावलं. पाच मिनिटं एका जागी बसवत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

तिचं हार्ट वीक झालं होतं. डॉक्टर म्हणाले, लांबचा प्रवास नको. वास्कोहून कोरगाव मला लांब वाटायचं. तिच्या मते ते "हांगाच", इथल्या इथेच होतं.

आणि तिचा एकच धोशा. काजूचा सीझन संपत आला, राखणदाराला रोट द्यायला हवा.

आमच्या काजूच्या बागेत एका दगडापाशी या राखणदार देवाची जागा. तो बाग राखतो. वर्षातून एकदा त्याला गुळाचा जाड रोट, विडी आणि घोटभर फेणी. बाबा गेल्यापासून हे सगळं आईच करायची. देवापुढचं गाऱ्हाणंसुद्धा, जे पुरुषांनी घालायचं, ती स्वतः घालायची. गावातले पुरुष आधी हसले, मग गप्प झाले.

"माका एक दीस कोरगावाक व्हर गो बाय."

"आई, तिथे नेऊन काय होणार? ही सुपरस्टिशन आहे."

"तुजी कॉन्व्हेंटातली सिस्टर मेणवात लायता ती डिव्होशन, आनी माजो रोट सुपरस्टिशन? बरें शिकयलां तुका!"

शिकवलं तिनेच होतं. स्वतः सुर्ल्याला चौथीपर्यंत, खाणीच्या ट्रकांची लाल धूळ खात वाढलेली. मला मात्र म्हापशाला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. पहिल्या दिवशी मी रडायला लागले तर म्हणाली, "रडपाचें आसल्यार इंग्लिशीन रड."

एप्रिलमध्ये एकदा पिशवी भरून निघालीच. मी तिच्या चपला वॉशिंग मशीनमागे लपवल्या होत्या. अनवाणी लिफ्टपर्यंत गेली. वॉचमनने परत आणून सोडली.

त्या दिवसापासून बाहेर जाताना मी दाराला बाहेरून वरचा लॅच लावायला लागले.

मे महिन्यात तिने विचारणं बंद केलं. मला वाटलं, पटलं तिला.

जूनमध्ये एका दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

आणि मग तो रोट मला छळायला लागला. मला, त्याला सुपरस्टिशन म्हणणारीला.

तेराव्यानंतर मी एकटीच कोरगावला गेले. बाग बघणारा बाबलो काजूच्या खाली पालापाचोळा गोळा करत होता. त्याला म्हटलं, "बाबलो, वर्षभर मला देवाचं काही करता येणार नाही. आईच्या नावाने तू रोट दे."

त्याने मान वर केली. "कसलो रोट? रोट गेलो मगे. आवय तुजी स्वता येवन दिवन गेली. नात आसली वांगडा."

मी दिवस विचारला.

तो मे महिन्यातला रविवार. शाळेच्या रियुनियनला मी पणजीला गेले होते. आम्ही साठीला टेकलेल्या बायका तिथे स्कूल अँथम म्हणत होतो. इकडे माझी लेक रेवा मैत्रिणीची गाडी मागून, वरचा लॅच काढून आजीला घेऊन निघाली होती. त्या दोघींचं कायम असंच. रेवाची प्रत्येक गोष्ट आधी आजीला कळायची, मग उरलीसुरली मला.

त्या संध्याकाळी मी परतले तर घरात गूळ करपल्याचा वास येत होता.

"आजीने गोड भाकरी केली," रेवा म्हणाली.

उरलेला तुकडा मी चहाबरोबर खाल्लासुद्धा.

कोरगावहून घरी येऊन मी रेवावर ओरडले. "वाटेत तिला काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर तिथे झालं असतं, आई. तिला चाललं असतं."

मी फडकं घेऊन ओटा पुसायला लागले.

रात्री जेवताना तीच सांगायला लागली. विडी मागितली तेव्हा दुकानदार तिच्याकडे कसा बघत होता. बांध चढताना आजीला कसा दम लागला, तरी हात धरू देईना. फेणी ओतताना आजी म्हणाली, "तुज्या आवयक वास येतलो, हात माज्या पदराक पुसूं नाका."

मी हसले. मग विचारलं, "गाऱ्हाणं काय घातलं?"

रेवाने ताट बाजूला सारलं. मग आजीच्याच आवाजात म्हणाली,

"बा राखणदारा म्हाराजा, हो माजो निमाणो रोट. माजी चली वास्को आसता, तिका हें जमचें ना. तिचेर राग धरूं नाका. तिची वाट पळोव नाका."

म्हणजे शेवटचा रोट देऊन तिने तिच्या चलीला, मला, यातून मोकळं केलं. मला न विचारता.

दोन महिने एका घरात समोरासमोर होतो, आई. एकदा विचारायचंस, तू देशील का म्हणून.

विचारलं असतंस तर मी काय म्हणाले असते, तेही मला माहीत आहे. तुलाही होतं.

तरी हे मला मान्य नाही. सकाळपासून घरभर फिरते आहे ती याच्यासाठी.

सुखाने जा, आई. दार उघडं आहे.

फक्त जाताना बागेवरून जा आणि राखणदाराला सांग, वाट बघ म्हणावं.

माझी चली येते म्हणाली.