रजेवरचा सदस्य

नाना गेले तो गुरुवार होता. सकाळी इथल्या, दोह्याच्या रुग्णालयातून फोन आला. दुपारी दुसरा फोन आला, नानांच्या शहरातून, महापालिकेच्या वारसा समितीच्या सचिवांचा. "फार वाईट झालं, वहिनी," ते म्हणाले, आणि थोडं थांबून त्यांनी विचारलं, "मृत्यूचा दाखला तिकडे किती दिवसांत मिळतो?" आम्ही तोवर फक्त पुण्याला नणंदेला कळवलं होतं. त्यांना कोणी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही.

नाना म्हणजे माझे सासरे. जन्मभर इमारती बांधल्या आणि निवृत्तीनंतर त्या समितीवर नेमले गेले. शहराच्या कायद्यात अशा समित्या असतात. जुनी, यादीतली वास्तू पाडायची तर आयुक्तांना समितीचं मत घ्यावंच लागतं. ते मानायचं बंधन मात्र नसतं. नाना म्हणायचे, "मला का नेमलं ते आधी विचार. कधी कुणाशी भांडलो नाही, म्हणून. हा हो म्हणेल, असं वाटलं त्यांना." समितीपुढे विषय आला तो महापालिकेच्या दगडी प्रसूतिगृहाचा. अर्धं शहर तिथे जन्मलेलं, माझा नवरा अभयसुद्धा. त्या जागेवर व्यापारी संकुल व्हायचं होतं. बाकीच्या सदस्यांचा कल पाडण्याकडे, हे ठरलेलंच होतं. पण काही जागा शासनाने भरल्याच नव्हत्या, त्यामुळे नाना नसले की गणसंख्या पुरी होत नसे आणि बैठकच भरत नसे. त्याच सुमारास नाना 'थोडे दिवस' म्हणून दोह्याला आमच्याकडे आले, आणि मुक्काम वाढत गेला.

मला संशय आला तो त्यांच्या खोकल्यावरून. सचिवांचा फोन दर महिन्याला यायचा. "काय नाना, गल्फचा खजूर मानवलेला दिसतोय! आवाज ठणठणीत आहे." नाना लगेच खोकायचे. "खजूर कसला, डॉक्टरांनी बंद केलाय," असं म्हणताना ताटलीतली बी हळूच बाजूला सारायचे. फोन ठेवला की खोकला गायब. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही समुद्रकाठी, द पर्लला फिरायला जायचो, तिथे बोटींच्या कडेने ते माझ्या पुढे चालत.

"नाना, इथे पळता आणि फोनवर खोकता?" एकदा मी विचारलंच.

"रजा आजारपणाची आहे ना, मेधा. न कळवता गैरहजर राहिलो तर काढून टाकतील. रजा मंजूर आहे तोवर जागा माझी."

"नको असेल तर राजीनामा द्या."

"म्हणजे उद्या त्यांचा माणूस बसेल. आणि मी बैठकीला गेलो, तर माझं एकट्याचं मत विरोधात पडेल आणि बैठक रीतसर झाली अशी नोंद होईल. नेमलेला माणूस म्हणजे पंगतीचं पान भरायला बोलावलेला पाहुणा. पाहुणा आलाच नाही, तर पंगत बसत नाही."

"पण असं किती दिवस?"

"कुणीतरी कोर्टात जाईपर्यंत. अख्खं गाव जन्मलंय तिथे, एक माणूस निघणार नाही होय?"

गेल्या हिवाळ्यात मात्र त्यांना खरोखर धाप लागू लागली. हृदयाची झडप खराब झाली होती. डॉक्टर केरळचे, हसतमुख. "ऑपरेशन करा लो अंकल, तीन महीने में इंडिया घूम के आओगे, इन्शाल्ला." नानांनी विचारलं, "मतलब, बिलकुल ठीक? प्रवासाला फिट?" "एकदम फिट!" डॉक्टर म्हणाले. मी नानांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. आनंदाची बातमी ऐकणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता...

त्यानंतर ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ लागलं. आधी रमजान होऊ दे, मग उन्हाळा सरू दे, मग नातीची परीक्षा. ती त्यांना चिडवायची, "आजोबा, आर यू स्केअर्ड?" "घाबरलो गं बाई," नाना म्हणायचे. अभयने ते खरं मानलं, आजही मानतो. पण जन्मभर परांचीवर चढलेला माणूस भुलीच्या इंजेक्शनला घाबरला, हे मला पटत नाही. बरे झाले असते तर रजा संपली असती. हे त्यांनी मनात मोजलं असेल का? मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण फोनवरचा तो नाटकी खोकला शेवटच्या महिन्यांत बंद झाला होता. त्याची गरज उरली नव्हती.

पार्थिव घेऊन आम्ही त्यांच्या शहरात गेलो. स्मशानात गर्दी होती. सचिव हार घेऊन सर्वांच्या आधी आले होते आणि अभयचा हात बराच वेळ हातात धरून उभे होते. त्यांचं दुःख खोटं होतं, असं मी म्हणणार नाही. त्यांनी दाखल्याची प्रतही तेव्हाच मागून घेतली, एवढंच सांगते. प्रसूतिगृह पाडू नये असं तिथे कितीतरी जण म्हणाले. "आम्ही सगळे तिथलेच," एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले. मी त्यांना विचारलं, "कोर्टात कुणी गेलं का?" ते म्हणाले, "नाना आहेत ना समितीवर, म्हणून आम्ही निर्धास्त होतो."

काही आठवड्यांतच नानांच्या जागी नवे सदस्य नेमले गेले. बैठक झाली, गणसंख्या पुरी होती, पाडण्यास हरकत नाही असं मत नोंदवलं गेलं. प्रसूतिगृहाभोवती पत्रे लागले आहेत. हे लिहीत असताना इमारत उभी आहे. कोर्टात अजून कोणी गेलेलं नाही. समितीत आता कोणी रजेवर नाही.