पांढऱ्या काजळाची प्लेट

मी रागीट आहे, हे आमच्या कोडोलीत कुणालाही विचारा. पण माझा राग एकदा विज्ञानाच्या कामी आला, ते सांगते.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होते. निर्वात नळीत धातूच्या प्लेटीवर इलेक्ट्रॉन आदळला, की तिच्यातून आणखी इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्लेटीवर ऑक्साइडचा थर असेल, तर एकाचे तीन-चार होतात. तो थर देणं माझं काम. मॅग्नेशियमची फीत पेटवायची आणि तिच्या धुरावर प्लेट धरायची. घरी दिव्यावर वाटी धरून काजळ धरतात तसंच, फक्त हे काजळ पांढरं. हात हलला की थर जाड-पातळ होतो. माझा हलत नसे.

दसऱ्यानंतर माझं काम तपासायला बाहेरून एक मोठे तज्ज्ञ यायचे होते. 'असल्या धुराच्या थरानं इलेक्ट्रॉन काही वाढणार नाहीत,' असं ते आधीच म्हणून बसले होते. माझी सगळी पीएच.डी. त्या एका प्लेटीवर टांगलेली. म्हणून मी ती तापवून, काचेच्या घंटीसारख्या झाकणाखाली हवा काढून ठेवली. हा थर हवेतला ओलावा पितो आणि कामातून जातो.

सकाळी येऊन बघते, तर ती काचेची घंटी उघडलेली आणि प्लेटीवर हळद-कुंकू, झेंडूचं ओलं फूल! शेजारी आमचे मार्गदर्शक सर हात जोडून उभे.

"खंडेनवमी न्हवं का आज! समद्या यंत्रांची पूजा झाली. तुझी प्लेट तेवढी ऱ्हायली हुती, म्हणून हवा सोडली की."

आम्ही बौद्ध, घरी असली पूजा नाही, त्यामुळे हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. सर करायला गेले गणपती आणि झाला मारुती! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"सर, आधी भाईर व्हा! पावणं जाईस्तोवर हितं हात लावायचा न्हाय!"

सर खरंच बाहेर गेले.

दसऱ्याला घरचे विहारात गेले, शहर सोनं लुटायला गेलं आणि मी नवी प्लेट धुरावर धरून बसले. सर दाराबाहेरच्या बाकावर. पाणी प्यायला आत यायचं असलं, तरी विचारून यायचे. मला हसू येत होतं, पण दाखवलं नाही.

पाहुणे आले. त्यांनी बटणं स्वतः फिरवली, तारा काढून पुन्हा जोडल्या, पुन्हा मोजलं. मीटरचा काटा दर वेळी तिथंच येऊन थांबला. एकाचे चार.

"थर फार एकसारखा आहे," ते सरांना म्हणाले. "तुम्ही दिलात?"

"छे! हिनं दिलाय. पहिली प्लेट मी नासवली, तेव्हा हिनं मला हाकलून दिलं. बरोबर केलं. मी आत असतो, तर तुम्हाला आज काहीच दिसलं नसतं."

पाहुण्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि वही उघडून पहिला प्रश्न मला विचारला. एरवी बाहेरच्या मोठ्या माणसांपुढे माझी मान आपोआप खाली जायची. त्या दिवशी मी ती खाली घातली नाही.