नाटकातलं दार

दुर्ग स्टेशनावर गाडी हलली तेव्हा आई पदर तोंडाला लावून रडत होती आणि बाबा माझ्या खिडकीसोबत चालून राहिले होते. मला नागपूरला नोकरी लागली होती. सगळ्यांना वाटलं, पोरगी घाईत पाया पडायची विसरली. विसरले नव्हते. मुद्दाम पडले नाही.

भिलाईतल्या माझ्या मंडळींनो, हे आज लिहिते, कारण तुम्ही धाडलेली गणेशोत्सवाची स्मरणिका हातात आहे. त्यात बाबांच्या जुन्या नाटकाचा फोटो, आणि खाली छापलंय, ‘सत्यघटनेवर आधारित’. वा रे सत्य!

पंतप्रधानांची हत्या झाली त्या आठवड्यात भर दुपारी पावर हाउसच्या बाजाराकडून जमाव शिखांची घरं शोधत आपल्या सेक्टरात शिरला. शेजारच्या क्वार्टरात माझी मैत्रीण सिम्मी राहायची. तिचे वडील, आमचे सरदारकाका, बाबांच्याच ऑफिसात. दोघं मागच्या अंगणातून येऊन आमचं दार वाजवू लागले. आई म्हणाली, “अवो, उघडा ना, सिम्मी आहे!” बाबांनी कडी नीट बसवली. रेडिओवर शोकधून चालली होती, ती मोठी केली. म्हणाले, “आपल्याले काही ऐकू आलं नाही.” मी दारापासून दोन हातांवर होते. मीही उघडलं नाही.

काका मार खाऊन वाचले. जमावानं त्यांचे केस कापले. महिनाभरात क्वार्टर रिकामं करून ते सिम्मीला घेऊन पंजाबात निघून गेले, आम्हाला न सांगता.

पुढच्या गणपतीत बाबांनी नाटक लिहिलं. दरवर्षीच लिहायचे, तालमी आमच्याच अंगणात व्हायच्या. या वेळी ते स्वतः नायक, टकटक ऐकताच धावत जाऊन दार उघडणारे. सिम्मीचं काम मला. “मले नाही करायचं,” म्हटलं तर म्हणाले, “कावून? तुले तर तिचं बोलणं-चालणं पाठ आहे.” स्टेजवर दार उघडलं आणि काय टाळ्या पडल्या! बायका डोळे पुसत होत्या. त्या दुपारी दारं लावून बसलेल्या, त्याच.

मग दोन-तीन वर्षांत तुम्ही सगळेच वाचवणारे झालात. सिविक सेंटरच्या बाजारात अनोळखी माणूस बाबांना म्हणायचा, “साहब, आपने तो जान बचाई,” आणि बाबा खुशाल मान हलवायचे. शेवटी आईसुद्धा सांगू लागली, “यांनी दार उघडलं होतं ना.” आई, तू तरी? बाबा घाबरले, हे मी समजून घेतलं असतं, मीही घाबरले होते. पण सिम्मीच्या दुःखाचा हार करून त्यांनी आपल्याच गळ्यात घातला. त्याचा राग अजून जात नाही.

आणि त्यांनी माझंही काही शिल्लक ठेवलं नाही. सिम्मीनं दाराबाहेरून मला काय हाक मारली होती, ते आठवायला बसते, तर तोंडात बाबांनी लिहिलेला संवाद येतो. तिचे खरे शब्द गेले ते गेलेच.

आता नागपूरच्या या दोन खोल्यांनाच घर म्हणते. इथं दार वाजलं की मी आधी रेडिओ बंद करते.